सेवेची शिक्षा : कायदा काय सांगतो, ख्रिस्त काय मागतो

वाचन : संत लूक १९:१-१०, अनुवाद २५:१-३, फिलेमोनास पत्र



१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि १८६० पासून चालत आलेली भारतीय दंड संहिता मागे पडली. नव्या कायद्यातील पुष्कळ कलमे जुनीच आहेत, त्यांचे क्रमांक तेवढे बदलले आहेत. पण एक गोष्ट खरोखर नवी आहे. शिक्षांच्या यादीत 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा आली आहे. काही लहान गुन्ह्यांसाठी न्यायालय आता दोषी माणसाला तुरुंगात न पाठवता समाजाच्या उपयोगाचे काम करायला सांगू शकते.

हा विषय वकिलांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण जरा विचार करू या. तुरुंगाची शिक्षा भिंतीआड भोगली जाते, आपल्याला ती दिसत नाही. सेवेची शिक्षा मात्र आपल्यामध्ये भोगायची आहे. दवाखान्याच्या आवारात, शाळेच्या मैदानावर, रस्त्याच्या कडेला रोपे लावताना तो माणूस आपल्याला दिसणार आहे. आपण त्याच्याकडे कसे पाहतो यावर ती शिक्षा त्याला सुधारील की आणखी बिघडवील हे पुष्कळसे ठरणार आहे. म्हणून आज आम्ही या विषयाचा अभ्यास आपल्यापुढे ठेवीत आहोत. आधी कायदा समजून घेऊ, मग पवित्र शास्त्र उघडू, आणि शेवटी आपल्या धर्मग्रामाने काय करावे ते पाहू.

१. कायद्यात नेमके काय आहे?

भारतीय न्याय संहितेच्या चौथ्या कलमात शिक्षांचे सहा प्रकार दिले आहेत : मृत्युदंड, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि सामुदायिक सेवा. पहिले पाच जुन्या कायद्यातही होते, सहावा नवा आहे.

ही शिक्षा सगळ्या गुन्ह्यांना नाही. सहा गुन्ह्यांसाठीच कायद्याने ती ठेवली आहे :

– सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणे (कलम २०२);
– न्यायालयाने जाहीरनामा काढूनही हजर न होणे (कलम २०९);
– सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे (कलम २२६);
– पहिल्यांदाच केलेली, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी (कलम ३०३);
– दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास देणे (कलम ३५५);
– बदनामी करणे (कलम ३५६).

यातील चोरीचे कलम नीट वाचण्यासारखे आहे. माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला असावा, वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असावी, आणि त्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असावी. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर सामुदायिक सेवेचीच शिक्षा आहे. परत केल्याशिवाय ही वाट उघडत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढे जक्कयाची गोष्ट वाचताना याची आठवण येईल.

उदाहरण घेऊ. समजा, एका तरुणाने दुसऱ्याच्या वावरात ठेवलेला फवारणीचा पंप उचलून नेला. पंपाची किंमत तीन हजार रुपये. तरुणाच्या नावावर आधी काही नाही, आणि त्याने पंप परत केला. गुन्हा शाबीत झाला तर त्याला तुरुंग नाही, सेवा आहे. पण तोच तरुण कोणाच्या घरात शिरून चोरी करील किंवा प्रार्थनास्थळातील मूर्ती उचलील, तर त्याला वेगळे कलम (३०५) लागते आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गळ्यातली साखळी हिसकावणे हाही वेगळा गुन्हा आहे. तेथे सेवेची सवलत नाही.

सेवा म्हणजे काय, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या तेविसाव्या कलमात सांगितले आहे : न्यायालयाने शिक्षा म्हणून सांगितलेले, समाजाला उपयोगी पडणारे असे काम, आणि त्याबद्दल दोषी माणसाला मोबदला मिळणार नाही. किती दिवस, किती तास, कोणते काम, हे या दोन संहितांमध्ये लिहिलेले नाही, ते न्यायालय ठरवते. सेवा करण्याचे टाळले तर साधी कैद होऊ शकते. म्हणजे ही शिक्षा नावापुरती नाही.

२. ही कल्पना आली कोठून?

आपल्याकडे ही कल्पना अचानक आलेली नाही. १९७८ साली भारतीय दंड संहितेत बदल करणाऱ्या एका विधेयकात समाजोपयोगी कामाची शिक्षा सुचवली होती. राज्यसभेने ते मंजूरही केले. पण १९७९ मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तेथेच राहिले. मुलांच्या बाबतीत मात्र ही सोय आधीपासून आहे. कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला बाल न्याय मंडळ समाजसेवेचे काम देऊ शकते, असे २००० च्या आणि नंतर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात म्हटले आहे. शिवाय १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने, पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची वाट केव्हाच दाखवली आहे.

इंग्लंडमध्ये १९७२ साली कायदा होऊन पुढच्या वर्षापासून न्यायालये अशी शिक्षा देऊ लागली. ४० तासांपासून २४० तासांपर्यंत विनामोबदला काम करायचे, अशी ती होती. श्रीमंत देशाला हे जमेल, आपल्यासारख्यांना कसे जमावे, अशी शंका येते. तिचे उत्तर आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाने दिले. तुरुंग खचाखच भरलेले आणि पैसा नाही, अशा स्थितीत त्या देशाने १९९० च्या दशकात लहान गुन्ह्यांतील माणसांना शाळांत आणि दवाखान्यांत कामाला लावले. १९९७ साली तेथील कडोमा या गावी अनेक देशांची परिषद भरली आणि इतर देशांनीही या शिक्षेचा अवलंब करावा असे आवाहन करण्यात आले.

आपल्या महाराष्ट्रात तर याहूनही धाडसी प्रयोग झाला आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची मोकळी वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची ती कल्पना होती आणि औंधच्या राजेसाहेबांनी तिला पाठबळ दिले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतीशिवाय राहत, शेती करीत, कुटुंबालाही जवळ ठेवीत. त्याच मुलखातील ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आला. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी तो पाहिला असेल. पुढे राज्यात खुली कारागृहे निघाली. त्यातील एक आपल्या मराठवाड्यात, पैठणला आहे.

स्वतंत्रपूर म्हणजे सामुदायिक सेवा नव्हे. तेथे कैदच होती, पण विश्वासावर चालणारी. तरी दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : चुकलेल्या माणसाला काम आणि विश्वास दिला तर तो बदलू शकतो.

३. पुण्याच्या घटनेने काय शिकवले?

सेवेची शिक्षा म्हटले की अनेकांना पुण्याची घटना आठवते आणि राग येतो. तो राग समजण्यासारखा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच संपले. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करावे, अशा अटी त्यात होत्या. देशभर संताप उसळला. काही दिवसांतच तो आदेश बदलण्यात आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तो निबंध आणि ते पंधरा दिवस ही शिक्षा नव्हती. त्या जामिनाच्या अटी होत्या, खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. आणि भारतीय न्याय संहितेत ज्या सहा गुन्ह्यांना सेवेची शिक्षा आहे, त्यात कोणाचा जीव घेण्याचा गुन्हा नाही. तेव्हा 'आता माणूस मारला तरी झाडू मारून सुटता येते' असे जे बोलले जाते, ते खरे नाही.

तरीही लोकांच्या रागात एक सत्य आहे. दोन घरांतली मुले गेली, आणि त्या दुःखाशी काहीच नाते नसलेले काम सांगितले गेले, असे लोकांना वाटले. चूक आणि सेवा यांच्यात नाते नसेल, ज्याचे नुकसान झाले त्याची कोणी विचारपूस केली नसेल, तर सेवा म्हणजे पळवाट वाटते. दिल्लीत १९९९ साली मोटारीखाली सहा जणांचा बळी गेला होता. २०१२ मध्ये त्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीने भोगलेली कैद पुरेशी धरली, पण त्याशिवाय अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी पन्नास लाख रुपये भरायला आणि दोन वर्षे सामुदायिक सेवा करायला सांगितले. तेथे सेवा कैदेच्या आणि भरपाईच्या जोडीला आली. तो निकालही सर्वांना पटला असे नाही. पण सेवा एकटी पुरत नाही, तिच्या बाजूला सत्य आणि भरपाई लागते, एवढे त्यातून दिसते.

४. जक्कयाच्या घरी

आता शुभवर्तमान उघडू. जक्कय हा यरीहोतील जकातदारांचा मुख्य होता आणि श्रीमंत होता. लोकांच्या खिशातून त्याने किती काढले होते, ते त्यालाच ठाऊक. तो उंबराच्या झाडावर चढला. प्रभू येशूने त्याला नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी उतरण्याची इच्छा सांगितली.

या गोष्टीचा क्रम पाहा. येशूने आधी हिशेब मागितला नाही. आधी स्वीकार केला. पण जक्कय तेवढ्यावर थांबला नाही. सर्वांसमोर उभा राहून त्याने दोन गोष्टी जाहीर केल्या : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. पहिली गोष्ट समाजासाठी होती, दुसरी ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी. दोन्ही झाल्यावर तारणाचे शब्द उच्चारले गेले.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या गोष्टीत बाहेर उभा असलेला जमाव कुरकुर करीत होता. पापी माणसाच्या घरी हा कसा गेला, अशी त्यांची तक्रार होती. जक्कय बदलला, येशू आनंदला, पण जमाव बदलला की नाही हे संत लूक सांगत नाही. आपण त्या जमावात आहोत का, हा प्रश्न आपल्यासाठी मोकळा ठेवला आहे.

जुन्या करारातही हाच विचार आहे. निर्गम पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात चोरीची शिक्षा म्हणजे मुख्यतः भरपाई : मेंढराबद्दल चार मेंढरे, बैलाबद्दल पाच बैल. आणि अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात फटक्यांची शिक्षा सांगताना मोशेचे नियमशास्त्र मर्यादा घालते. चाळीसपेक्षा जास्त फटके नकोत, कारण त्यापुढे गेले तर शिक्षा भोगणारा तुमच्या नजरेत तुच्छ ठरेल. शिक्षा भोगणाऱ्याला तेथे 'भाऊ' म्हटले आहे. दोषी ठरला तरी भाऊपण संपत नाही. फटक्यांचा काळ गेला, पण ही मर्यादा आजही आपल्याला लागू आहे.

संत पौलाने तर एक पाऊल पुढे टाकले. अनेसिम हा फिलेमोनाचा दास त्याच्यापासून दूर गेला होता, कदाचित काही नुकसानही करून. पौलाने त्याला परत पाठवताना मालकाला चिठ्ठी दिली : याला भाऊ म्हणून घे, आणि याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. चुकलेल्या माणसासाठी जामीन राहणारा कोणीतरी लागतो. पौल तो झाला.

५. प्रायश्चित्त आणि शिक्षा

आपण पापनिवेदन करतो तेव्हा धर्मगुरू आपल्याला पापक्षमा देतात आणि प्रायश्चित्तही सांगतात. क्षमा मिळाली, मग प्रायश्चित्त कशाला, असे मुले धर्मशिक्षणाच्या तासाला विचारतात. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत (परिच्छेद १४५९) याचे उत्तर आहे. क्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करावे लागते. ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळावे लागते. शिक्षेबद्दल बोलताना तीच धर्मशिकवण (परिच्छेद २२६६) सांगते की शिक्षेने बिघडलेली व्यवस्था सावरावी, लोकांचे रक्षण करावे आणि शक्य तेथे दोषी माणसाला औषधासारखे बरे करावे.

प्राचीन ख्रिस्तसभेत मोठ्या पापांचे प्रायश्चित्त सर्वांसमोर चालत असे. प्रायश्चित्त घेणारे लोक उपासनेत वेगळे उभे राहत, आणि सारी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करी. रोममध्ये पवित्र गुरुवारी त्यांना पुन्हा मंडळीत घेतले जाई. म्हणजे प्रायश्चित्ताला आरंभ होता, मुदत होती आणि शेवट होता. शेवट झाल्यावर तो माणूस पुन्हा इतरांसारखाच ख्रिस्तप्रसादाला येत असे.

आमच्या मते सेवेच्या शिक्षेत हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. न्यायालय सेवेला आरंभ आणि शेवट ठरवून देईल. पण 'चोर' हा शब्द त्या माणसाच्या नावामागून काढणे न्यायालयाच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे. वस्तू परत केली, सेवा पूर्ण केली, आणि तरी दहा वर्षांनी त्याच्या मुलीचे लग्न जुळताना कोणी तो विषय काढला, तर शिक्षा न्यायालयाने दिली त्याहून मोठी झाली. ती वाढीव शिक्षा आपण दिलेली असेल.

६. झाडू मारणे ही शिक्षा आहे काय?

येथे एका नाजूक गोष्टीबद्दल बोलायलाच हवे. सेवेची शिक्षा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे झाडू येतो, गटार येते, शौचालय येते. का? कारण ही कामे हलकी, असे आपल्या मनात बसले आहे. पण जी आई-बहीण रोज पहाटे रस्ता झाडून घर चालवते, तिच्या कामाला आपण शिक्षा म्हणायचे काय? तिने कोणता गुन्हा केला?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने वेठ पाहिली आहे. वाड्यावरून बोलावणे आले की हातातले काम टाकून जायचे आणि मोबदला मागायचा नाही. ती सेवा नव्हती, जातीने लादलेली सक्ती होती. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली. सार्वजनिक कामासाठी राज्याने सेवा सक्तीची केली तरी धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही, असेही त्याच कलमात लिहिले आहे. तरी तुरुंगांच्या नियमांतून जात गेली नव्हती. काही राज्यांत स्वयंपाक वरच्या जातीच्या कैद्यांकडे आणि सफाई खालच्या मानलेल्या जातींकडे, असे नियमच होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उघडकीस आणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम रद्द ठरवले.

सेवेच्या शिक्षेतही हे बारकाईने पाहावे लागेल. शिकलेल्या, ऐपतदार घरच्या मुलाला ग्रंथालयात पुस्तके लावायचे काम आणि आपल्या वस्तीतल्या मुलाला गटार उपसायचे काम, असे होता कामा नये. हातावर पोट असलेल्याची मजुरी बुडून घरची चूल बंद पडू नये, हेही पाहायला हवे. तासांची आखणी करताना मजुरीच्या वेळेचा विचार करावा, अशी विनंती वकिलामार्फत न्यायालयाला करता येते.

आणि आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी तर प्रश्न याहून सरळ आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले (योहान १३). ते काम त्या काळी सर्वांत खालच्या दासाचे होते. गुरूने ते आपले केले. तेव्हापासून आपल्यासाठी कोणतीही सेवा हलकी उरली नाही. दोषी माणूस आवार झाडत असेल आणि आपल्यापैकी दोघे-तिघे झाडू घेऊन त्याच्या शेजारी उभे राहिले, तर त्याला आणि पाहणाऱ्यांना ते एका प्रवचनापेक्षा जास्त सांगेल.

७. ज्याचे नुकसान झाले त्याचे काय?

दयेबद्दल बोलताना आपण पुष्कळदा दोषी माणसाबद्दलच बोलतो. ज्याचा पंप गेला तो शेतकरी बाजूला राहतो. ऐन फवारणीच्या दिवसांत पंप गेला म्हणजे तीन हजारांचेच नुकसान होत नाही. कपाशीवर कीड वाढते, शेजाऱ्याच्या दारात पंप मागायला जावे लागते, रात्री वावरात झोपायला जावे लागते. त्याच्या मनातली भीती कायद्याच्या कलमात मोजली जात नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की समेटाची पहिली भेट नुकसान झालेल्याच्या घरी व्हावी. त्याला विचारावे, तुमचे काय गेले, तुम्हाला काय हवे आहे. त्याच्यावर क्षमेची सक्ती करू नये. 'तुम्ही ख्रिस्ती ना, मग क्षमा करा', असे त्याला सुनावणे हा दुसरा अन्याय आहे. क्षमा हे दान आहे, ते ज्याचे त्याने आपल्या वेळेला द्यायचे असते.

८. आपल्या धर्मग्रामाने काय करावे?

आपण देवगाव फाट्यावर राहतो. एक रस्ता जालन्याकडे जातो, एक जिंतूरकडे, एक सेलूकडे. रोज शेकडो माणसे येथे उतरतात आणि वाट बदलतात. चुकलेल्या माणसालाही वाट बदलण्याची एक जागा हवी असते. आपण पुढील गोष्टी करू शकतो.

पहिली गोष्ट, आपण न्यायाधीश होऊ नये. चोर सापडला म्हणून त्याला खांबाला बांधणे, मारणे, तोंडाला काळे फासणे हा स्वतःच गुन्हा आहे. जातपंचायतीने किंवा गावाने बसून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सेवेची शिक्षा फक्त न्यायालय देऊ शकते. ग्रामपंचायत, जातपंचायत किंवा चर्चची समिती देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट, गरीब आरोपीला वकील मिळवून द्यावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, मुलांना, कोठडीतील माणसांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी अशा कुटुंबाबरोबर न्यायालयापर्यंत जावे. हा पहिलाच गुन्हा आहे आणि वस्तू परत केली आहे, ही माहिती वेळेवर न्यायालयापुढे आली नाही, तर कायद्याने दिलेली वाट कागदावरच राहील.

तिसरी गोष्ट, मोबाईलला आवर घालावा. सेवा करणाऱ्याचे फोटो काढून गटावर टाकू नयेत. काम करणे ही शिक्षा आहे, तमाशा होणे ही नाही. आणि लक्षात असू द्या, बदनामी हाही त्या सहा गुन्ह्यांतला एक आहे. दुसऱ्याला चोर म्हणून मिरवणारा उद्या स्वतः सेवेच्या रांगेत उभा राहू शकतो.

चौथी गोष्ट, दारूचा प्रश्न मुळातून पाहावा. दारूच्या नशेतील गोंधळाला चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा आहे. दंड भरला तर तो बहुधा बायकोच्या मजुरीतून जातो. सेवा केली तर ती त्याला स्वतःला करावी लागते. पण सेवा संपल्यावर संध्याकाळी तो कोठे जाणार, हे आपण पाहायला हवे. त्या वेळी त्याच्याशी बोलायला कोणी असावे.

पाचवी गोष्ट, कैद्यांना विसरू नये. सेवेची शिक्षा थोड्यांनाच मिळणार आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची जागा होती आणि ५,७३,२२० माणसे होती. त्यातील दर चार जणांपैकी तिघांचा खटला अजून चालूच होता. भारतातील ख्रिस्तसभा ऑगस्टचा दुसरा रविवार तुरुंगसेवा रविवार म्हणून पाळते आणि तुरुंगसेवेचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण १४ ऑगस्टला असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या पवित्र वर्षासाठी एक पवित्र दार रोममधील रेबिबिया तुरुंगातच उघडले, २६ डिसेंबर २०२४ रोजी. तुरुंगातील माणसाला भेटणे म्हणजे मला भेटणे, असे प्रभूने सांगून ठेवले आहे (मत्तय २५).

कायद्याने आपले काम केले आहे. त्याने एक दार उघडले. त्या दारातून परत येणाऱ्या माणसाला आपल्या बाकावर बसायला जागा मिळेल की नाही, हे मात्र रविवारी मिस्साच्या वेळी आपणच ठरवणार आहोत. तो आत आला तर थोडे सरकून त्याला जागा द्या.

कुटुंबात व वस्तीच्या प्रार्थनासभेत चर्चेसाठी प्रश्न

१. जक्कयाने दोन गोष्टी केल्या. आपल्या हातून कोणाचे नुकसान झाले असेल, तर क्षमा मागण्याबरोबर आपण काय परत करू शकतो?
२. आपल्या परिसरात जुन्या चुकीच्या नावानेच ओळखला जाणारा कोणी आहे काय? ते नाव थांबवण्यासाठी आपण काय करू?
३. ज्याचे नुकसान झाले आहे अशा शेजाऱ्याला आपण या महिन्यात भेटलो काय?
४. कोणते काम हलके, असे आपण घरात मुलांना नकळत शिकवतो काय?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, चुकलेल्यांना तू नावाने हाक मारतोस. ज्यांचे नुकसान झाले त्यांना धीर दे. ज्यांनी नुकसान केले त्यांना परत करण्याचे बळ दे. न्याय देणाऱ्यांना शहाणपण दे. आणि आम्हाला कुरकुर करणाऱ्या जमावातून बाहेर काढ, म्हणजे परत येणाऱ्या भावाला आम्ही भाऊ म्हणून ओळखू. ख्रिस्त आमच्या प्रभूच्या द्वारे. आमेन.